नाल न मारता रपेटीचा घोडा कसा सांभाळावा

घोडा घरी आला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मग, नाल कधी मारायची?" मराठवाड्यात हौसेने घोडा बांधणारे आता गावोगावी दिसतात. त्यातल्या बहुतेकांची रपेट म्हणजे सकाळी तास-दीड तास शेतवाट, गाडीवाट, फार तर माळावर एक चक्कर. एवढ्या कामाला निरोगी खुराच्या घोड्याला नालेची गरज नसते. पण नुसती नाल उपटली म्हणजे काम झालं, असंही नाही. चांगला खूर येतो पोटातून आणि टिकतो चालण्यामुळे. कानस, सुरी आणि नालबंद यांचं काम त्यानंतरचं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा चाऱ्याला दिली आहे. ज्यांना फक्त खूर कापायची पद्धत वाचायची असेल, त्यांनीही तो भाग वगळू नये.

आधी खूर वाचायला शिका

पाय उचला, चिकटलेली माती-लीद हूफ पिकने (खूर साफ करायच्या आकड्याने) काढा आणि ब्रश मारून तळवा उजेडात धरा. बाहेरचा कठीण कडा म्हणजे खुराची भिंत. आतला किंचित खोलगट भाग म्हणजे तळवा. मधोमध, टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा लवचीक त्रिकोण म्हणजे फ्रॉग. भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक बारीक फिकट रेघ दिसेल. ही रेघ एकसारखी बारीक आणि घट्ट असेल तर भिंत आतल्या हाडाला नीट धरून आहे. ती रुंद, भुसभुशीत झाली असेल, तिच्यात खडे शिरत असतील किंवा रक्ताचे लालसर ठिपके दिसत असतील, तर आतली पकड सैल झाली आहे आणि तपासणीची सुरुवात दावणीपासून करावी लागेल.

आता पाय खाली ठेवा आणि खूर बाजूने पाहा. भिंतीवर आडवी वलयं असतात. चारा किंवा हंगाम बदलला की एखादं वलय उठतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पण वलयांमधलं अंतर पुढे कमी आणि टाचेकडे जास्त, अशी ती पंख्यासारखी उघडत गेली असतील, तर या घोड्याला कधीतरी लॅमिनायटिस होऊन गेला आहे. म्हणजे भिंत आणि हाड यांच्यामधल्या नाजूक पडद्यांचा दाह.

खूर केसांच्या रेघेपासून खाली वाढतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. पुढचा भाग पूर्ण नवा यायला 9 ते 12 महिने लागतात, टाच लवकर येते. त्यामुळे आज चारा बदललात तर त्याचा खूर जमिनीला टेकायला जवळजवळ वर्ष जाईल. मात्र केसांच्या रेघेखाली आलेला नवा पट्टा जुन्यापेक्षा घट्ट आणि सरळ कोनात वाढतोय का, हे दोन-तीन महिन्यांत कळतं. दर महिन्याला चारही खुरांचे समोरून, बाजूने आणि तळव्याकडून फोटो काढून तारखेनिशी ठेवा. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

घोडा अजून घ्यायचा असेल आणि मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाणार असाल, तर हीच परीक्षा बाजारात करा. विकणारा खुराला तेल लावून चकाकवतो आणि घोडा मऊ मातीत नाचवून दाखवतो. तुम्ही खूर फडक्याने पुसायला सांगा, घोडा कडक जमिनीवर हातात धरून सरळ चालवून घ्या आणि छोट्या वर्तुळात वळवायला लावा. वळताना पाऊल आखडत असेल तर रंग, कान, चाल यांचं कितीही कौतुक होत असलं तरी पुढच्या घोड्याकडे वळा. मारवाडी, काठियावाडी आणि आपल्या दख्खनी घोड्यांचे खूर मुळात कणखर असतात. ते बिघडलेले दिसले तर बहुतेक वेळा बिघाड पाळणाऱ्याने केलेला असतो.

दावण आणि तोबरा

घोडा म्हटलं की हरभरा, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. त्यावर गूळ, वर बाजरीची भाकरी, सणाला पुरणपोळी. ही चंदी दिवसाला दहा-बारा कोस चालणाऱ्या घोड्यांची होती. आपण ती दिवसभर ठाणावर उभ्या असलेल्या घोड्याला घालतो आणि मग त्याच्या मानेवर चरबीची वळी चढली की "काय तब्येत आहे!" म्हणून मिरवतो. बिननालेच्या घोड्याचा सगळ्यात मोठा शत्रू ही वळीच आहे.

त्याचं कारण असं. धान्यातली पिष्टं लहान आतड्यात पचतात, पण त्यालाही मर्यादा आहे. जास्तीचं धान्य मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आम्ल वाढतं, चारा पचवणारे जंतू मरतात आणि त्यातून निघणारी विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. दुसरीकडे साखर आणि पिष्ट यांमुळे रक्तातलं इन्सुलिन चढतं. लठ्ठ घोड्यात ते चढलेलंच राहतं. लॅमिनायटिसच्या बहुतेक घोड्यांत आज हेच मुख्य कारण मानलं जातं. रोग उघड झाला नाही तरी थोडाथोडा दाह चालू राहतो, फिकट रेघ रुंदावते, घोडा खड्यावर पाय आखडतो आणि मालक म्हणतो, "याचा खूरच नाजूक आहे, याला नाल पाहिजे."

मग द्यायचं काय? आधी वजन काढा. मापाची टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, हे झालं किलोमध्ये वजन. घेर 160 आणि लांबी 150 आली तर घोडा सुमारे 323 किलोचा. रोजचा चारा, कोरड्या हिशेबाने, वजनाच्या 1.5 ते 2 टक्के. म्हणजे या घोड्याला 5 ते 6.5 किलो. तो एकदम न टाकता चार-पाच वेळा द्या. पोट फार वेळ रिकामं ठेवणंही वाईट.

या चाऱ्याचा मोठा भाग वाळलेल्या गवताचा असू द्या. मारवेल, पवना, डोंगरी गवत चालतं, पण कुसळं आलेलं नको, ती तोंडात आणि हिरड्यांत रुततात. कडबा आपल्याकडे सहज मिळतो आणि तो थोडा चालतो, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. गंजीत भिजून बुरशी आलेल्या पेंढ्या मात्र बाजूला काढा. बैल ती खाऊन पचवेल, घोड्याला पोटशूळ होईल.

हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नका, हे मी जोर देऊन सांगतो. कोवळ्या किंवा पावसाच्या ताणात अडकलेल्या ज्वारीने जनावराला किराळ (ज्वारीतल्या विषाची बाधा) लागते, हे शेतकऱ्याला माहीतच असतं. घोड्यात आणखी एक प्रकार होतो. हिरवी ज्वारी किंवा तिच्या जातीचं संकरित चारागवत बरेच दिवस खाल्लं की मूत्राशय आणि मज्जारज्जूवर परिणाम होतो, मागचे पाय लडखडतात, लघवी थेंबथेंब गळते. एकदा हे पक्कं झालं की सहसा बरं होत नाही. वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी असतो.

नेपियर, म्हणजे आपलं हत्तीगवत, आणि उसाचं वाढं, दोन्ही दुभत्या जनावरांच्या दावणीत भरपूर असतात. त्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. गाय-म्हशीच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी फोडतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन्‌महिने तेच दिलं तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा लंगडतो. गव्हाच्या कोंड्याचंही तसंच. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. रोज पाटीभर कोंडा भिजवून देणं ही प्रेमाने केलेली हानी आहे. वाढं गोडही असतं, त्यामुळे ज्याच्या मानेवर वळी आहे त्याला ते बिलकूल नको.

कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी लसूणघास उत्तम. अशा घोड्याला रोज 3 ते 4 किलो हिरवा पुरे. त्याचंही ढीगभर कौतुक नको, घोडा फुगतो. जवस आपल्या भागातलंच. रोज 80 ते 100 ग्रॅम ताजं दळून द्या, कातडी आणि केस दोन्ही सुधारतात. मीठ रोज 25 ग्रॅम, उन्हाळ्यात घाम जास्त असेल तर थोडं जास्त. पाणी अखंड हवं. साध्या दिवसांत 25 ते 30 लिटर आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्या दीडपट-दुप्पट लागतं.

खुरासाठी ज्या दोन खनिजांची कमतरता सहसा राहते ती म्हणजे तांबं आणि जस्त. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 100 मिलिग्रॅम तांबं आणि 400 मिलिग्रॅम जस्त लागतं. आपल्या 323 किलोवाल्याला सुमारे 65 आणि 260. चाऱ्यातून काही भाग मिळतो. मिनरल मिक्श्चर घेताना पिशवीवर हे दोन आकडे शोधा आणि जस्त तांब्याच्या तीन-चार पट आहे का पाहा. लोहाचं टॉनिक घालायची घाई करू नका. आपल्या मातीत आणि चाऱ्यात लोह मुबलक असतं आणि जास्तीचं लोह खुराला काही देत नाही. बायोटिन घालायचं असेल तर रोज 15 ते 20 मिलिग्रॅम, आणि सहा-नऊ महिने न चुकता. महिनाभर देऊन "फरक नाही" म्हणणाऱ्यांनी वरचा वाढीचा वेग पुन्हा वाचावा. एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांचे डबे सुरू करू नका. सेलेनियमसारखं खनिज जास्त झालं तर उलट खूरच तडकून सुटू लागतो.

हरभऱ्याची सवय सुटत नसेल तर भिजवलेला मूठ-दोन मूठ द्या, त्यात खनिजं आणि जवस मिसळायला तो बरा पडतो. गूळ बंद. लग्नाच्या वरातीत लोक लाडू-पेढे चारतात, तिथे घोड्याच्या तोंडाजवळ उभं राहून नाही म्हणायला शिका. म्हशीची गोळी पेंड आणि कोंबडीखाद्य यांना घोड्यापासून लांब ठेवा. त्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि ते थोड्या मात्रेतही घोड्याचं हृदय निकामी करतं. गोठा आणि तबेला एकाच छपराखाली असलेल्यांनी गडीमाणसांना हे दोनदा सांगावं.

लठ्ठ किंवा आधी लॅमिनायटिस झालेल्या घोड्याचं गवत अर्धा ते एक तास गार पाण्यात बुडवून, निथळून द्या. बरीच साखर निघून जाते. ते पाणी घोड्याला न पाजता झाडाला घाला. भिजलेलं गवत उन्हाळ्यात लगेच आंबतं, म्हणून एका वेळेला पुरेल एवढंच भिजवा. चाऱ्यातला कुठलाही बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करायचा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की लागाव्यात, मानेवरची कड मऊ आणि हलती असावी. वजन-काट्यापेक्षा ही हाताची परीक्षा रोजच्या कामाची.

जागा आणि चाल

आगाडी-पिछाडी लावून बावीस तास उभा असलेला घोडा बिननालेचा कधीच पक्का होत नाही. प्रत्येक पावलागणिक खूर पसरतो, आवळतो, रक्त खेळतं, त्यावरच नवी वाढ अवलंबून असते. पाच गुंठे जागा असली तरी जमतं. कडेने दहा-बारा फूट रुंदीची वाट कुंपणाने आखा, पाणी एका टोकाला, चारा दुसऱ्या टोकाला, मीठ तिसऱ्या कोपऱ्यात. घोडा दिवसभर फेऱ्या मारत राहतो. वाटेचा काही भाग मुरमाचा ठेवा आणि पाण्याच्या टाकीभोवती नदीतला बारीक गोल गोटा सहा इंच टाका. पाणी प्यायला रोज तिथे उभं राहावं लागतं आणि तळवा घट्ट होतो. क्रशरची धारदार खडी नको.

नाल काढायची कधी

आपल्याकडे दिवाळीनंतरचे दिवस सर्वात चांगले. काळ्या मातीचा चिखल सरलेला असतो, जमीन अजून दगड झालेली नसते. चारा त्याआधी दोन-तीन महिने सुधारलेला असेल तर उत्तम. भर उन्हाळ्यात किंवा मृगाच्या तोंडावर सुरुवात करू नका.

नाल काढल्यावर खिळ्यांच्या भोकांपासून कडा थोडा तुटतो. दिसायला वाईट, पण कडा गोल घासून ठेवला की ते वाढून निघून जातं. पहिले काही आठवडे फक्त हातात धरून मऊ शेतवाटेवर चालवा. मग खोगीर घालून चाल, मग मुरमाड वाट, मग दुडकी. घोडा पावलं आखूड टाकू लागला, वाटेच्या मधून सोडून सारखा गवताच्या कडेला सरकू लागला, तर एक पायरी मागे या. पाऊल कसं पडतं हे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने टिपा. टाच आधी किंवा तळवा सपाट टेकला तर ठीक. टोक आधी टेकत असेल तर मागचा भाग दुखतोय, बहुतेक फ्रॉगमध्ये सड असते.

आता नालबंदाचं. पिढीजात हात असतो, जनावर धरायची कला तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली असते, पण खूर तयार करायची सवय नाल बसवण्यासाठीची असते. म्हणजे तळवा खरवडून पातळ आणि फ्रॉग कापून नीटनेटका. बिननालेच्या घोड्याला हे दोन्ही नको. "चाचा, तळव्याला सुरी लावू नका, फ्रॉगचं नुसतं लोंबतं तेवढं काढा," असं सुरुवातीलाच सांगा. "अहो, मग मी करू काय? नाल नाही, कापायचं नाही, पैसे कशाचे घेऊ?" हे उत्तर येणार. नाल मारायचे जेवढे देता तेवढेच द्या. दर चार ते सहा आठवड्यांनी तो यायला हवा असेल तर यात काटकसर करून चालत नाही.

त्याने करायचं ते एवढंच: तळव्याच्या पातळीवर वाढलेली भिंत उतरवायची, बाहेर पसरलेला भाग कमी करायचा आणि जमिनीला टेकणारी बाहेरची धार कानशीने गोल करायची, म्हणजे ती तुटत नाही आणि पुढचं टोक पसरत नाही. टाच किती उतरवायची हा प्रश्न अनुभवी हाताचा, तिथे नवख्याने कानस चालवू नये. दोन भेटींच्या मध्ये, आठ-पंधरा दिवसांनी, कडेची धार पुन्हा गोल करणं मात्र तुम्ही स्वतः करू शकता. भिंतीचा वरचा गुळगुळीत थर घासू नका.

लांबच्या खडकाळ वाटेसाठी बूट मिळतात. मागवण्याआधी खूर कापून झाल्याबरोबर लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. बहुतेकदा पुढच्या दोन पायांना पुरतात, कारण शरीराचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ही खरी कसोटी. काळी माती खुरात भरून बसते, वाळते, पुन्हा भिजते. हवा लागत नाही आणि फ्रॉगच्या खाचांत सड धरते. काळा चिकट लगदा आणि नाक फिरवायला लावणारा वास आला की समजा सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ खूर साफ करा. खाच कापसाने कोरडी करून पोव्हिडोन आयोडीन लावा. मधली खाच खोल असेल तर त्यात भिजवलेला गॉजचा तुकडा बसवून रोज बदला. फॉर्मेलिन, फिनाईल, इंजिनचं जुनं ऑइल असले जालीम उपाय नकोत, ते जिवंत भागही जाळतात.

उभं राहायची जागा फूटभर उंच मुरमाची आणि उताराची करा, वर छप्पर. खाली लाकडाचा भुसा घालून ओला भाग रोज काढा. पाचट घातलं तर घोडा ते खात बसतो. चारा जमिनीवर न टाकता दावणीत टाका, नाहीतर वाळू पोटात साठते.

लगेच धावायचं कधी

घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे रेलतोय, वळायला तयार नाही, खूर गरम लागतोय, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर नाडी ठणठण लागतेय. हा लॅमिनायटिस. धान्य बंद, मऊ जागा, खूर बर्फाच्या पाण्यात, आणि पशुवैद्यकाला फोन. चालवून "मोकळा" करायचा प्रयत्न करू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खुराचा एक्स-रे लागला तर तिकडे विचारा.

एकाच पायाने अचानक जबर लंगडणं म्हणजे बहुतेक खुरात पू. हेही डॉक्टरांचं काम, घरी सुरीने भोक पाडू नका. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर शक्य असेल तिथे डॉक्टर येईपर्यंत तो उपटू नका, किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला ते त्यांना दिसायला हवं. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, त्यामुळे त्याची लस दरवर्षी ठरल्या महिन्यात हवीच.

आणि नाल कधी मारावी? रोज डांबरी रस्त्यावर दुडकी असेल, वरातीत सिमेंटवर नाचायचं असेल, किंवा झीज वाढीपेक्षा सतत जास्त होत असेल, तर मारा. त्यात कमीपणा काही नाही. बऱ्याच घोड्यांना फक्त पुढच्या दोन पायांना पुरते. दर सहा आठवड्यांनी काढून, खूर कापून पुन्हा बसवायची, आणि लग्नसराई संपली की ती कोणत्या आठवड्यात काढायची हे नालबंदाला आधीच सांगून ठेवायचं, कारण त्या दिवसांत सगळ्यांच्याच घोड्यांची कामं त्याच्याकडे एकदम येतात.